रात्रीचा घाम, हार्मोन्स आणि पर्समधली बाटली

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? बरं.

आजचा विषय आधी नुसता "रात्रीच्या घामावर नैसर्गिक उपाय" असा ठरला होता, मी म्हटलं त्याला "हार्मोन थेरपी चालू असताना" एवढं जोडा. कारण माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका दोन्ही करत असतात, फक्त एक गोष्ट मला सांगतात आणि दुसरीची बाटली पर्समध्ये असते. मग बोलता बोलता कधीतरी ती बाहेर येते, "डॉक्टर, हे काही औषध नाहीये हं, नॅचरल आहे."

आधी पाळी जाण्याच्या वयात हा घाम येतो कुठून ते बघू, कारण ते कळलं की निम्म्या बाटल्या आपोआप गळतात. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, तो शरीराचा थर्मोस्टॅट, तापमान सांभाळणारा. तिथे काही पेशी आहेत, त्यांना संशोधक 'कँडी' न्यूरॉन्स म्हणतात, किसपेप्टिन, न्यूरोकायनिन बी आणि डायनॉर्फिन या तीन रसायनांच्या आद्याक्षरांवरून, गोड वगैरे काही नाही त्यात. इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं हार्मोन या पेशींना वेसण घालून ठेवतं. पाळी जायला आली, इस्ट्रोजेन उतरलं, की त्या मोकाट सुटतात आणि थर्मोस्टॅट भलताच हळवा होतो. एरवी आतलं तापमान साधारण 0.4 अंश इकडेतिकडे झालं तरी शरीर दुर्लक्ष करतं, हॉट फ्लॅश, म्हणजे अंगात अचानक उष्णतेची लाट, येणाऱ्या बायकांमध्ये ही सूट जवळजवळ शून्यावर येते असं 1999 च्या एका अभ्यासात दिसलं. म्हणजे पांघरुणात जरा ऊब वाढली की मेंदूला वाटतं आग लागली, रक्तवाहिन्या उघडतात, घाम फुटतो, गाऊन भिजतो, आणि शरीराने गरजेपेक्षा जास्त उष्णता बाहेर टाकलेली असल्यामुळे पाच मिनिटांनी तीच बाई थंडीने कुडकुडते. मी स्वतः तीन वर्षं काढलीत यात, रात्री दोनला पंखा लावायचा आणि सव्वादोनला बंद करायचा.

हार्मोन थेरपी, म्हणजे उतरलेलं इस्ट्रोजेन बाहेरून देणं, थेट या थर्मोस्टॅटवर काम करते. सगळ्या चाचण्या एकत्र केल्या तर हॉट फ्लॅशची संख्या खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या, गोळीच्या तुलनेत सुमारे 75 टक्क्यांनी कमी होते. पण त्याच चाचण्यांमध्ये आणखी एक आकडा आहे, तो मला जास्त आवडतो, की ज्यांना खोटी गोळी दिली होती त्यांच्यातही फ्लॅश निम्म्याहून जास्त कमी झाले. अर्थात त्या बायका खोटं बोलत नव्हत्या. काही घाम काळाबरोबर ओसरतो, काही अपेक्षेने. म्हणून "माझ्या नणंदेला या पावडरने फरक पडला" हे खरं असतं, पावडर खरी असेलच असं नाही.

त्यात तुम्ही हार्मोनची गोळी किंवा त्वचेवर चिकटवायचा पॅच सुरू केला आणि त्याच आठवड्यात पावडरही सुरू केली, तर श्रेय कोणाला? हार्मोन्सचा पूर्ण परिणाम दिसायला तीनेक महिने लागू शकतात, नेमका तेवढ्याच वेळात पावडरचा डबा संपतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. म्हणून माझं म्हणणं, एका वेळी एकच गोष्ट सुरू करा.

बरं, बायका नॅचरलकडे वळतात त्याला कारण आहे. 2002 साली अमेरिकेतल्या वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह अभ्यासाचा हार्मोन्सवरचा एक भाग मध्येच थांबवला आणि जगभर घबराट झाली. त्यात वर्षाला दर 10,000 बायकांमागे स्तनाच्या कॅन्सरच्या साधारण 8 केसेस जास्त दिसल्या, पण त्या बायकांचं सरासरी वय 63 होतं आणि त्या इस्ट्रोजेनबरोबर एक विशिष्ट प्रोजेस्टिन, म्हणजे प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनसारखं कृत्रिम औषध, घेत होत्या. गर्भाशय काढलेल्या ज्या बायका नुसतं इस्ट्रोजेन घेत होत्या त्यांच्यात ती वाढ दिसली नाही. हे दुसरं वाक्य बातम्यांमध्ये फारसं आलंच नाही.

आणि "नॅचरल" म्हणजे काय हो? 1942 पासून अमेरिकेत विकली जाणारी प्रेमारिन ही हार्मोनची गोळी गाभण घोडीच्या मूत्रापासून बनते, याहून नैसर्गिक काय असणार. आजच्या पॅचमधलं इस्ट्रॅडिऑल, इस्ट्रोजेनचाच एक प्रकार, बहुतेक वेळा सोयाबीन किंवा यामसारख्या कंदातल्या पदार्थापासून प्रयोगशाळेत करतात. हे जमतं ते रसेल मार्कर नावाच्या केमिस्टमुळे, त्याने 1940 च्या दशकात मेक्सिकोतल्या रानटी यामपासून प्रोजेस्टेरॉन बनवून दाखवलं.

इथेच खरी गडबड आहे, जरा नीट ऐका. याच गोष्टीच्या जोरावर वाइल्ड यामची क्रीम विकतात. पण यामचं प्रोजेस्टेरॉन होतं ते प्रयोगशाळेत, तुमच्या त्वचेत नाही, यामपासून ते बनवायची यंत्रणाच शरीराकडे नाही. आता गर्भाशय असलेली बाई इस्ट्रोजेन घेत असेल तर तिला प्रोजेस्टेरॉन घ्यावंच लागतं, नाहीतर आतलं अस्तर वाढत जातं आणि त्यातून पुढे कॅन्सरही होऊ शकतो. काही जणींना त्या प्रोजेस्टेरॉनने पोट फुगल्यासारखं वाटतं, सुस्ती येते, मग त्या आपल्या मनाने ते बंद करतात, क्रीम लावतात, घाम तर थांबलेलाच असतो कारण इस्ट्रोजेन चालू आहे, आणि सगळं छान चाललंय असं वाटतं. छान काही चाललेलं नसतं. दुकानात मिळणाऱ्या प्रोजेस्टेरॉन क्रीमवरही अस्तरासाठी भरवसा ठेवू नका. त्रास होत असेल तर सांगा, डोस, प्रकार, वेळ बदलता येते, झोपताना घेतलं तर तीच सुस्ती उपयोगी पडते.

दुसरी सावध राहायची गोष्ट म्हणजे सेंट जॉन्स वर्ट नावाचं वनस्पतीचं औषध. मूडसाठी घेतात. ते लिव्हरमधली औषधं मोडणारी यंत्रणा जोरात चालवतं, त्यामुळे हार्मोनची गोळी घेऊनही रक्तात कमी उरते. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, घाम थांबला होता तो परत सुरू झाला म्हणून डोस वाढवून मागत होत्या, वाढवायची गरजच नव्हती, बाटली काढायची होती.

ब्लॅक कोहोश या मुळीबद्दल फार विचारतात. 2006 मध्ये 351 बायकांवरची वर्षभराची चाचणी प्रसिद्ध झाली, त्यात ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, हार्मोन्स ठरले. क्वचित लिव्हरला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. सोया आवडत असेल तर जेवणात खा, कॅप्सूल कशाला? इव्हनिंग प्रिमरोज ऑइलचं तर सोडूनच द्या.

मग हार्मोन्सबरोबर बिनधास्त काय करावं? जे रक्तात जात नाही ते. खोली गार ठेवा, एका जाड पांघरुणाऐवजी दोन पातळ घ्या, उशाशी कोरडा गाऊन ठेवा. याने फ्लॅश कमी होतात असं सिद्ध झालेलं नाही, पण परत झोप लवकर लागते, आणि रात्री तीनला तेवढंच हवं असतं. अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीने 2023 मध्ये हार्मोन नसलेले उपाय तपासले, त्यात औषधं-इंजेक्शनं सोडून ज्यांची शिफारस केली ती सीबीटी म्हणजे विचार-वागणुकीची थेरपी, क्लिनिकल हिप्नोसिस आणि वजन जास्त असेल तर कमी करणं. सीबीटीने घाम फारसा कमी होत नाही, घामाचा जाच कमी होतो, "झालं, आता रात्र गेली, उद्या ऑफिसात माझं काही खरं नाही" ही जी टेप सुरू होते ना, ती थांबते. योगा आणि व्यायाम त्यांच्या शिफारशीत नाहीत, म्हणून सोडू नका, हाडांसाठी आणि हृदयासाठी करा, फक्त घाम थांबला नाही तर स्वतःला दोष देऊ नका.

हो, ताई, विचारा. सगळं करूनही घाम येतोय?

मग आधी प्रोजेस्टेरॉन घेताय ना, पॅच नीट चिकटतोय का, डोस, हे बघू. पण त्याबरोबर ताप येत असेल, वजन उतरत असेल, मानेत गाठ लागत असेल, तर मेनोपॉजच्या नावावर ढकलू नका, टीबी, थायरॉइड, लिम्फोमा म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, यांतही रात्री घाम येतो, डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी आणि साखर उतरल्यानेही येतो. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्त दिसलं तर थांबायचं नाही, त्याच आठवड्यात दाखवायचं. येताना पर्समधली बाटली पण आणा. मी रागावत नाही. म्हणजे, फार नाही.