चार बैठका: रेपिननं रंगवलेला मुसोर्गस्की

[रुग्णालयाचं जुनं छायाचित्र]
सेंट पीटर्सबर्गचं निकोलायेव्स्की लष्करी रुग्णालय. मार्च 1881, रशियाच्या तेव्हाच्या दिनदर्शिकेप्रमाणे 2 ते 5 तारीख. ‘बोरिस गोदुनोव्ह’ ऑपेराचा रचनाकार मोदेस्त मुसोर्गस्की दारूपायी खचून इथे दाखल आहे. त्याचा चित्रकार मित्र इल्या रेपिन कॅनव्हास घेऊन येतो. ईझलसुद्धा नाही, एका लहानशा टेबलाशी बसून रंगवायचं.

[पूर्ण चित्र]
कॅनव्हासची उंची जेमतेम 72 सेंटिमीटर. संगीतकाराच्या चित्रात आपण पियानो शोधतो, स्वरलिपीचे कागद शोधतो. इथे तर हातही चौकटीबाहेर ठेवलेत. मागे फिकट करडा रंग. काळोखी पार्श्वभूमी दिली असती, तर चेहऱ्यावर नाटकी प्रकाश पडला असता. इथे दिवसाचा साधा उजेड आहे, आणि त्यात काहीच लपत नाही.

[नाक, मग कॉलर]
नाकाचा लालपणा पाहून अनेकजण ‘दारुड्याचं चित्र’ म्हणून पुढे सरकतात. हा चित्रावर अन्याय आहे. तो लाल एकटा पडला असता, तर चेहऱ्याचं सोंग झालं असतं. रेपिननं खाली झग्याची रुंद किरमिजी कॉलर घेतली आणि लालाला जोड दिली. आजूबाजूच्या त्वचेत थंड करड्या छटा मिसळल्या. त्यामुळे हा लाल वरून थापलेला वाटत नाही, कातडीखालून आलेला वाटतो.

[दाढी, झगा]
तैलरंग चार दिवसांत पुरता वाळत नाही. ओल्या रंगावर ओला रंग चढवताना फटकारा एकदाच मारायचा. पुन्हा ब्रश फिरवला, की खालचा रंग वर येतो आणि सगळं मळकट होतं. म्हणून दाढीचे केस सुटे काढलेले नाहीत. रुंद फटकारे आहेत आणि कडा विरत गेल्यात. झगा तर आणखी मोकळ्या हातानं रंगवलाय.

[डोळे, अगदी जवळून]
बारकाई राखून ठेवली ती इथे. डोळ्यांचा पांढरा भाग निव्वळ पांढरा नाही, करड्याकडे झुकलेला आहे. म्हणून डोळे ओलसर दिसतात. नजर आपल्याकडे नाही, बाजूला वळलेली आहे. चेहरा सुजलेला, केस विस्कटलेले, पण डोळे टक्क जागे. चित्राचा भाव या विरोधातून येतो, आजारातून नाही.

[थडग्यावरचं स्मारक]
16 मार्चला मुसोर्गस्की गेला. मॉस्कोचा चित्रसंग्राहक पावेल त्रेत्याकोव्हनं चित्र 400 रूबलना घेतलं. रेपिननं ते पैसे मुसोर्गस्कीच्या स्मारकासाठी देऊन टाकले.