फेसाच्या पट्ट्यातून बाहेर

(दृश्य: पहाट. ओल्या वाळूवर ठेवलेली कयाक. मागे लाटांचा आवाज.)

कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, मासेमारीसाठी पाण्याजवळ आणून ठेवली की हात शिवशिवायला लागतात. तरीही थांबा. गळ, रॉड, आमिष, सगळं तिथेच राहू द्या आणि समुद्राकडे तोंड करून उभे राहा. निदान २० मिनिटं.

नवशिक्यांना एवढा वेळ नुसतं बघत राहणं नको वाटतं, म्हणून त्यामागचं कारण सांगतो. दूर समुद्रात वाऱ्याने उठवलेल्या लाटा एका मापाच्या नसतात. कमीजास्त लांबीच्या लाटा एकमेकींत मिसळतात. जिथे माथ्यावर माथा येतो तिथे लाट मोठी होते, जिथे माथ्याखाली खळगा येतो तिथे ती विरते. म्हणून किनाऱ्यावर मोठ्या लाटांचा एक जथा येतो, मग उसंत मिळते, मग पुन्हा जथा. पाचच मिनिटं पाहिलंत तर कदाचित नुसती उसंतच दिसेल. तुम्ही निघाल, आणि नेमके मधोमध पोचल्यावर समोर जथा उभा राहील.

(दृश्य: उंचावरून किनारा. पांढऱ्या फेसाचे पट्टे, मध्ये गडद पाण्याची फट.)

लाटा मोजताना त्या कुठे फुटतात तेही पाहा. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट फुटते. म्हणजे मीटरभर उंचीची लाट जिथे कोसळते, तिथे पाणी जेमतेम छातीएवढं आहे. पांढरा फेस हा असा तळाचा नकाशा असतो. फेसाच्या दोन पट्ट्यांमध्ये गडद, शांत दिसणारी फट असेल तर तिथे तळ खोल आहे. ती वाट सोपी वाटते, आणि अनुभवी लोक बाहेर जाताना तिचा उपयोगही करतात. पण किनाऱ्यावर चढलेलं पाणी बहुतेक वेळा तिथूनच परत समुद्रात जात असतं. हाच रिप करंट. त्यात कयाक हातातून सुटली, तर सरळ किनाऱ्याकडे पोहत प्रवाहाशी झुंजू नका. आधी किनाऱ्याला समांतर पोहत त्याच्या बाहेर पडा.

किनारा उतरता कसा आहे, हेही महत्त्वाचं. तळ सावकाश खोल होत गेला असेल तर लाट लांबवर फेसाळत येते, तिचा जोर हळूहळू संपतो. तळ एकदम खोल असेल तर लाट थेट वाळूवर आदळते. अशा किनाऱ्यावरून पहिल्या वर्षी तरी निघू नये, असं माझं ठाम मत आहे. लाटा गुडघ्याएवढ्या असतील तर शिका. कमरेच्या वर असतील तर कयाक पुन्हा गाडीवर चढवा.

(दृश्य: हात झाकणं तपासत आहेत, रॉड आडवे बांधत आहेत.)

आता सामान. कयाकच्या तळाचं बूच लावलंय ना? झाकणं घट्ट आहेत ना? रॉड उभे ठेवू नका. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी एक रॉड मागे उभाच ठेवला होता. कयाक उलटली, रॉडचं टोक तळाच्या वाळूत रुतून मोडलं, आणि गळ लाइफ जॅकेटच्या पट्ट्यात अडकला. बोटभर इकडे असता तर मानेत गेला असता. तेव्हापासून फेसाचा पट्टा ओलांडेपर्यंत माझा एकही गळ उघडा नसतो, आणि अंगाला बांधलेली एकही दोरी नसते. लाइफ जॅकेट वाळूवरच चढवा.

(दृश्य: गुडघाभर पाणी. कयाकचं टोक लाटांकडे.)

गुडघाभर पाण्यात कयाकचं टोक लाटांकडे धरा आणि तिच्या बाजूला उभे राहा. कयाक आणि किनारा यांच्यामध्ये कधीही नाही. सामानासकट चाळीसेक किलोची कयाक लाटेने ढकलली की गुडघा मोडू शकतो.

जथ्यातली शेवटची लाट गेली की बसा. आधी बूड टेकवा, पाय नंतर. बसल्याबसल्या वल्हं मारायला लागा. पाय नीट लावणं, टोपी सरळ करणं नंतर. कयाकला वेग असेल तर ती सरळ राहते. फुटलेली लाट समोर आली की पुढे वाका आणि वल्ह्याचं पातं फेसापलीकडच्या पाण्यात घाला. वल्हं तोंडासमोर आडवं धरलंत तर लाट ते थेट दातांवर आणते.

समोरची लाट फुटायच्या बेतात असेल तर एकच ठरवा: जोर लावून ती फुटण्याआधी तिच्यावरून जायचं, की मागे वल्हवत तिला पुढेच फुटू द्यायचं. माणसं उलटतात ती बहुधा या दोन्हींच्या मध्ये घुटमळल्यामुळे.

कयाक आडवी झालीच, तर लाटेच्या बाजूला झुका, वल्हं त्याच बाजूच्या फेसावर टेकवा. शरीर ऐकत नाही, ते किनाऱ्याकडे कलतं, आणि तिथेच तोल जातो. म्हणून हे रिकाम्या कयाकवर, छोट्या लाटांत, मुद्दाम उलटून आणि पुन्हा चढून शिकायचं.

(दृश्य: उघडा समुद्र. कयाकवरून किनाऱ्याकडे पाहताना लाटांच्या गुळगुळीत पाठी.)

परतणं जास्त अवघड आहे. समुद्राकडून लाटांची फक्त पाठ दिसते, उंची कळत नाही. रॉड पुन्हा बांधा, मासे झाकणाखाली ठेवा, रडर (मागचं सुकाणू) आणि पायाने मारायच्या पेडलची पाण्यातली पाती वर घ्या, आणि बाहेर थांबूनच पुन्हा जथे मोजा. मग गेलेल्या लाटेच्या पाठीवर राहून आत या. मागून दुसरी आली तर मागे वल्हवून तिला खालून जाऊ द्या. तिने मागचं टोक उचललं तर पुढचं टोक पाण्यात घुसतं आणि कयाक आडवी फिरते. उलटलात, तर कयाकच्या समुद्राकडच्या बाजूला राहा. ती पुढे जाऊन किनाऱ्याला लागेल.

कयाकचा तळ वाळूला घासला की कडेने उतरून पुढच्या टोकाचं हँडल धरायचं आणि तिरकं राहून ओढत सुटायचं. पुढची लाट काही सेकंदांवर असते.