थोड्या पैशांत चारचाकी ताकद

नमस्कार, श्रोतेहो. जून महिन्यात कर्जत-मुरबाडकडच्या कच्च्या वाटा चिखलाने भरू लागल्या की मुंबईतल्या अनेक तरुणांच्या मनात चारही चाकांना जोर देणाऱ्या, म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह गाडीची इच्छा जागी होते आणि नव्या गाडीची किंमत ऐकली की ती तिथेच मावळते. अशी गाडी थोड्या पैशांतही उभी राहू शकते, मात्र तो पैसा दिसणाऱ्या भागांवर न घालता गाडीच्या पोटाखाली घालण्याची तयारी हवी, असे माझे ठाम मत आहे.

आपल्याकडे या कामासाठी दोन घराणी सहज डोळ्यांसमोर येतात. महिंद्राने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस विलीज जीपची जुळणी मुंबईत सुरू केली आणि तिच्या वंशातल्या जुन्या जीप आजही महाराष्ट्रभर धावताना दिसतात. दुसरी मारुतीची जिप्सी. ती १९८५ साली ९७० सीसीच्या पेट्रोल इंजिनासह आली, १९९६ साली तिला १३०० सीसीचे इंजिन मिळाले, आणि २०१९च्या सुमारास सामान्य ग्राहकांसाठी तिचे उत्पादन थांबले. शिडीसारखी मजबूत चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, चारही चाकांना स्प्रिंगचे काम करणारे पाटे आणि सुमारे एक टन वजन ही तिची पुंजी आहे. कमी बजेटमध्ये मी जिप्सीला झुकते माप देतो, कारण हलकी गाडी चिखलात कमी रुतते, तिच्या ब्रेकवर आणि अ‍ॅक्सलवर ताण कमी येतो, आणि रुतलीच तर चार माणसांनाही ती बाहेर काढता येण्याची शक्यता राहते.

गाडी निवडताना तिच्यात लो रेंज आहे आणि ती खरोखर लागते, याची खात्री प्रत्यक्ष चालवून करावी. ट्रान्सफर केसमधला, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीतला, हा अतिरिक्त गिअर वेग घटवून चाकांवरचा जोर वाढवतो, त्यामुळे लहान इंजिनाची गाडीसुद्धा दगडांच्या चढावर क्लच न जाळता सावकाश चढते आणि उतारावर इंजिनच्या आधाराने उतरते. अशा गाड्यांत पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये वेगातला फरक सामावून घेणारी सोय नसते, म्हणून कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील ड्राइव्ह लावून वळणे घेऊ नयेत. तसे केल्यास गिअर आणि जॉइंट यांच्यावर विनाकारण ओढ पडते.

मुंबईच्या गाडीत सर्वांत आधी पाहायची गोष्ट म्हणजे गंज. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस चासीला आतून खातात, आणि वरचा चकचकीत रंग त्याचा पत्ता लागू देत नाही. गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घेऊन, पाटे ज्या ठिकाणी चासीला अडकतात त्या जागा, बॉडीचे माउंट आणि आडवे पट्टे छोट्या हातोडीने ठोकून पाहावेत. घट्ट लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, पोकळ झालेल्या भागाचा बसका. विक्रेत्याने नुकताच खालून काळा लेप मारला असेल तर दुप्पट सावध राहावे. इंजिन पुन्हा बांधता येते, गिअरबॉक्स कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून शोधून आणता येतो, पण कुजलेली चासी नीट करण्याचा खर्च स्वस्तात मिळालेली गाडी महाग करून टाकतो. म्हणून एकूण पैशांतला निदान एक तृतीयांश हिस्सा खरेदीनंतरच्या कामासाठी राखून ठेवावा.

हा हिस्सा आधी ब्रेक, स्टिअरिंगचे जोड, व्हील बेअरिंग, चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याचे, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचे सांधे (क्रॉस), पाट्यांचे बुश आणि रेडिएटर यांवर खर्च व्हावा. लो रेंजमध्ये गाडी कमी वेगाने आणि इंजिनाच्या जास्त फेऱ्यांवर बराच वेळ चालते, तेव्हा अर्धवट तुंबलेला रेडिएटर सर्वांत आधी दगा देतो. लाइटांचे बार, रुंद बंपर आणि छतावरचे कॅरिअर यांतून वजन वाढते आणि वाट काढण्याची क्षमता तसूभरही वाढत नाही.

त्यानंतर टायर. एकाच वस्तूवर सढळ हाताने खर्च करायचा असेल तर तो इथे करावा. मूळ मापाचे ऑल-टेरेन टायर रोज डांबरावर आणि आठवड्याच्या शेवटी मातीवर चालणाऱ्या गाडीला पुरतात; मड टायर चिखलात सरस असले तरी ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी पडते आणि मुंबईकराचा बहुतेक प्रवास डांबरावरच होतो. सेकंडहँड टायर घेताना बाजूवरच्या निर्मिती क्रमांकातले शेवटचे चार अंक वाचावेत. त्यांत निर्मितीचा आठवडा आणि वर्ष असते. हवा कमी करण्याची युक्ती तर जवळजवळ फुकट आहे. मऊ वाळूत किंवा चिखलात दाब अठरा पीएसआयच्या आसपास आणला की टायर जमिनीवर लांब पसरतो आणि तीच गाडी न रुतता पुढे सरकते. त्या वेळी वेग कमी ठेवावा, तीव्र वळण घेऊ नये, नाहीतर टायर रिममधून निघतो. आणि डांबर लागण्याआधी पंपाने हवा पूर्ववत भरावी.

गाडी खूप उंच करण्याचा मोह आवरावा. उंची वाढली की गुरुत्वमध्य वर जातो, प्रोपेलर शाफ्टचे कोन बदलतात आणि स्टिअरिंग बिघडते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हेच स्पष्ट केले. बदल नोंदणीशी जुळत नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावाही अडतो. जुन्या गाडीची कागदपत्रे, पंधरा वर्षांनंतरचे नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर यांचा हिशोब सौद्याआधीच करावा.

पाण्यात उतरणाऱ्या गाडीसाठी इंजिनाला उंचावरून हवा देणाऱ्या स्नॉर्केलच्या आधी अ‍ॅक्सलच्या ब्रीदरच्या, म्हणजे आतल्या हवेला वाट देणाऱ्या नळ्या वर न्याव्यात. गरम अ‍ॅक्सल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकुंचन पावते आणि ब्रीदर खाली असेल तर पाणी आत ओढले जाते. थोडी रबरी नळी आणि क्लिप यांवर हे भागते. पावसाळी ओढ्याला वेग असेल तर मात्र कोणत्याही नळीचा उपयोग नाही, तिथून परत फिरावे.

सुटकेच्या सामानात मजबूत पट्टा, तो अडकवायची लोखंडी कडी म्हणजे शॅकल, फावडे आणि जॅकखाली ठेवायला जाड लाकडी फळी हवी. पट्टा चासीला पक्क्या बसवलेल्या हुकालाच लावावा, ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, म्हणजे टो बॉलला, कधीही नाही; ओढताना तो बॉल तुटून सुटला तर जीव घेऊ शकतो, आणि त्या वेळी बाकीच्यांनी दूर उभे राहावे. दोराने गाडी ओढून काढणाऱ्या विंचच्या किमतीपेक्षा दुसरी गाडी सोबत असणे मला अधिक मोलाचे वाटते. शेतात मालकाला विचारल्याशिवाय, जंगलात परवानगीशिवाय जाऊ नये, आणि समुद्रकिनाऱ्यावर भरतीचा भरवसा धरू नये.

घरी परतल्यावर, शक्यतो त्याच दिवशी, गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवावा, ब्रेकमधला चिखल काढावा आणि क्रॉसना नवीन ग्रीस द्यावे. मग दोन्ही अ‍ॅक्सलचा प्लग उघडून तेल पाहावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे, आणि गाडी पुढे एक किलोमीटरही नेण्याआधी ते बदलावे.