शेवंतीच्या खुरावरची रेघ

(दृश्य: गोदाघाट. आषाढातला पाऊस. दुतोंड्या मारुतीच्या पायाशी गढूळ पाणी.)

बुधवारचा बाजार उठला की घाटावर कोबीचा पाला पडून राहतो. तो खायला एक पांढरी घोडी यायची. चार पावलं टाकायची, थांबायची. पुढचा उजवा पाय उचलून धरायची.

वरातीची घोडी होती ती. लग्नसराईत पाठीवर झूल, डोक्यावर तुरा. लग्नतिथी संपल्या, घोडी लंगडू लागली आणि मालकाने दावं सोडलं. चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा, परवडत नाही म्हणाला. परवडत नसेलही. पण जनावराला उपाशी ठेवणं आणि असं वाऱ्यावर सोडून देणं, १९६० च्या कायद्याने दोन्ही गुन्हे आहेत. शेवटी त्याने घोडी आमच्या नावे लिहून दिली.

मखमलाबादला द्राक्षबागेच्या कडेला पत्र्याची शेड मिळाली. नाव ठेवलं शेवंती.

(जवळून: बरगड्या, पाठीचा कणा, ओठांचे कोपरे.)

घोड्याची अंगकाठी १ ते ९ अशी मोजतात. ५ म्हणजे चांगली, १ म्हणजे कातड्याखाली नुसती हाडं. डॉक्टरांनी शेवंतीच्या कागदावर १ लिहिला. खोगिराखाली सडलेली जखम होती. तोंडात काटेरी लगामाचे जुने व्रण होते. या लगामावर १९६५ पासून बंदी आहे, तरी तो घातला जातो. हे सांगताना आजही राग येतो.

धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. ग्लँडर्सच्या तपासणीसाठी रक्त गेलं. हा रोग माणसालाही होतो. निघाला तर जनावर वाचवता येत नाही. अहवाल येईपर्यंत आम्ही तिला वेगळं ठेवलं, हातमोजे घालूनच हात लावला. रोग निघाला नाही.

खरी परीक्षा होती ती खाण्याची.

बातमी पसरली तशी माणसं येऊ लागली. कुणाच्या हातात भिजवलेले हरभरे, कुणाच्या गूळ-पोळी. एक आजी तर फडक्यात बाजरीची भाकरी बांधून चालत आल्या. ‘अरे, लेकराला पोटभर घाला रे!’ त्यांना फाटकावरून परत पाठवताना आमच्याच घशाशी यायचं. पण ती भाकरी तिचा जीव घेऊ शकली असती.

उपाशी शरीर स्वतःचेच स्नायू जाळून तगून असतं. त्याला एकदम धान्य, गूळ मिळाला की रक्तात साखर चढते, इन्सुलिन वाढतं आणि त्यासरशी रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम पेशींत ओढलं जातं. मग हृदय दगा देतं. चार दिवस पोटभर खाऊन घोडं मरतं आणि लोक म्हणतात, आयुष्यच संपलं होतं बिचाऱ्याचं.

म्हणून द्यायचा तो लसूणघास. त्यात प्रथिनं भरपूर, पिष्ट कमी. दर चार तासांनी अर्धा किलो, रात्री दोन वाजतासुद्धा. हळूहळू वाढवत दहा दिवसांनी हवा तेवढा. तोवर चंदीचा दाणाही नाही. पत्र्यावर पाऊस वाजत असायचा. अर्धा किलो घास ती बघता बघता संपवायची, मग जमीन चाटायची आणि आमच्याकडे मान वळवायची. तिच्याकडे पाठ करून बाहेर पडायचं, हे त्या दहा दिवसांतलं सर्वांत अवघड काम.

अकराव्या दिवशी तिने गव्हाणीत थोडा घास शिल्लक ठेवला. आम्ही त्याचा फोटो काढला.

(दृश्य: नालबंद मामा, मांडीवर खूर.)

खूर वाढून चपलेसारखे पुढे वळले होते. मामांनी ते एकदम कापले नाहीत. ‘पाय ज्याला सरावलाय ते हळूहळूच मोडायचं,’ म्हणाले. दर सहा आठवड्यांनी थोडं थोडं कापत गेले. पौषापर्यंत लंगडणं गेलं, अंग ५ वर आलं. नाकपुडीच्या गुलाबी कातडीला ऊन लागतं, म्हणून दुपारी सावली. सकाळी खरारा. हरभऱ्याचा पहिला तोबरा त्या आजींच्याच हातून बांधला.

एकदा मामांनी खुरावर बोट ठेवून दाखवलं. आडवी, खोलगट रेघ होती.
‘ही उपासाची. खूर वरून वाढतो, महिन्याला साधारण बोटाच्या नखाच्या लांबीएवढा. ही खाली खाली जाईल.’

वैशाखात ती रेघ टोकाला पोहोचली. रस्त्यावरून वरातीचा बँड चालला होता. शेवंतीने कान टवकारले, मग पुन्हा घासात तोंड घातलं. मामांनी पाय मांडीवर घेतला, सुरी फिरवली. रेघेसकट खुराची चकती मातीत पडली.

शेडवरच्या कुत्र्याने ती उचलली आणि वेलींखाली नेऊन चघळत बसला.