रिकाम्या मंडईतला घुमारा

नमस्कार, श्रोतेहो.

जुनी मंडई पाडण्याऐवजी तिथे भजन, पोवाडे, एकांकिका यांसाठी वस्तीचे सभागृह करावे, हा विचार आपल्या ठाण्याला शोभेल असे मला मनापासून वाटते. लंडनच्या कोव्हेंट गार्डनमधला भाजीबाजार १९७४ साली हलला आणि १९८० साली ती इमारत नव्याने खुली झाली. आज तिथे कलाकारांचे खेळ रंगतात. मात्र १९७८ सालचे आपले गडकरी रंगायतन नाटकासाठीच बांधलेले आहे, तर मंडई भाजीसाठी. वारा खेळावा म्हणून छप्पर उंच आणि धुता यावी म्हणून फरशी दगडी. छप्पर उंच आणि फरशी कठीण, हे लक्षात ठेवा, कारण त्यामुळेच आवाज घुमतो.

हा घुमारा शास्त्रशुद्ध रीतीने मोजला तो हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबाइन यांनी. १८९५ साली तिथल्या नव्या व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे, म्हणजे वक्त्याचे पुढचे सारे वाक्य त्यात बुडून जाई. हा दोष दूर करण्याचे काम तरुण सॅबाइन यांच्याकडे आले. दिवसा रस्त्यावर वर्दळ, म्हणून ते रात्री उशिरा कामाला लागत. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या उचलून आणायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची, सूर थांबल्यापासून तो कानाला ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ मोजायचा, आणखी गाद्या मांडून पुन्हा मोजायचा आणि सकाळच्या आत साऱ्या गाद्या जागच्या जागी पोहोचवायच्या. पुढे त्यांच्या ध्यानात आले की मोजणाऱ्याच्या अंगावरचे कपडेसुद्धा आवाज शोषून घेतात. तेव्हा आधीची कित्येक निरीक्षणे त्यांनी बाजूला सारली आणि दर वेळी तेच कपडे घालून नव्याने सुरुवात केली. निष्कर्ष असा, की जागा जितकी मोठी तितका घुमारा जास्त आणि आवाज शोषणारे सामान जितके अधिक तितका तो कमी.

म्हणून मंडईत जाड पडदे, सतरंज्या आणि छपराखाली आवाज शोषणारे तक्ते हवेत. वाऱ्याच्या जाळ्या मात्र बुजवू नयेत. भिंतीएवढे ध्वनिक्षेपक लावणे हा इलाज नव्हे. घुमणाऱ्या जागेत मोठा आवाज अधिकच घुमतो, आणि मंडपांतल्या कर्ण्यांनी आपल्या कानांचे आधीच पुरेसे हाल केले आहेत. सकाळी ओट्यांवर भाजीवाल्या मावशींनाच बसू द्यावे, असेही माझे ठाम मत आहे. भजनाला थोडा घुमारा गोड लागतो, संवादाला तो मारतो. तेव्हा पडदे सरकते ठेवावेत. शिवाय माणसेही आवाज शोषतात, म्हणून पडद्यांची मांडणी रिकाम्या तालमीत नव्हे, भरल्या प्रयोगात ठरवावी.