जहाज बंदराला लागते तो दिवस

सुट्टीवर नाशिकला आलो की पहिला प्रश्न ठरलेला असे : किती देश पाहिलेस? मी देशांची नावे सांगत असे आणि ती खोटी नव्हती, कारण त्या प्रत्येक देशाच्या धक्क्याला आमचे क्रूझ जहाज, म्हणजे सहलीच्या प्रवाशांचे जहाज, लागलेले होते. एका उन्हाळ्यात ते दर रविवारी बार्सिलोनाला लागत होते. सग्रादा फमिलिया हे तिथले जगप्रसिद्ध चर्च त्या साऱ्या उन्हाळ्यात मी एकदाही पाहिले नाही. धक्क्यावर आलेल्या कांद्याच्या गोण्या मात्र दर रविवारी मोजल्या. मी प्रोव्हिजन खात्यात, म्हणजे जहाजाच्या कोठारात होतो. कांदा अर्थातच आपल्याकडचा नसे. पण मी निफाडकडचा असल्यामुळे त्याची मान सुकली आहे की ओली आहे हे हाताला कळत असे आणि कोणती गोणी आधी वापरायला काढायची हे मी सांगू शकत असे. परदेशात माझ्या शिक्षणापेक्षा हे ज्ञान अधिक कामाला आले.

क्रूझ जहाजावरील कर्मचाऱ्यांच्या लेखी बंदराचे दिवस दोन प्रकारचे असतात. एक वाटेतले बंदर, जिथे प्रवासी सकाळी उतरून संध्याकाळी परततात. दुसरे होम पोर्ट, जिथे सफर संपते आणि त्याच दिवशी नवी सुरू होते. याला टर्नअराउंड म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की जहाज थांबले म्हणजे कामही थांबले. प्रत्यक्षात आठवड्यातला सर्वांत जड दिवस हाच. 2024 साली सेवेत आलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजावर कमाल 7,600 प्रवासी मावतात आणि कर्मचारी सुमारे 2,350 आहेत. आमचे जहाज याच्या मानाने लहान होते, पण काम त्याच पद्धतीचे. पहाटे जहाज बांधले जाते, सकाळी नऊ-दहापर्यंत जुने प्रवासी उतरतात, दुपारच्या आत नवे चढू लागतात आणि संध्याकाळी पाच वाजता दोर सुटतात. मधल्या दोन-अडीच तासांत प्रत्येक केबिनमधील चादरी बदलायच्या, न्हाणीघरे घासायची, हजारो बॅगा खाली आणि तितक्याच वर न्यायच्या. सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर ज्याची बंदोबस्ताची ड्यूटी असते त्याला स्नान घडत नाही, हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको. टर्नअराउंडच्या दिवशी बंदर आमच्या वाट्याला त्याच रीतीने येत असे.

कोठाराचे काम पाण्याच्या पातळीजवळच्या मोठ्या दारातून चालते. धक्क्यावर ट्रक रांगेने उभे राहतात, फोर्कलिफ्ट पॅलेट, म्हणजे फळीवर रचलेला माल, आत सोडते आणि आत आम्ही भाजी, मासे, मांस, दूध, पीठ, टॉयलेट पेपर अशी विभागणी करून ते थंड खोल्यांत पोहोचवतो. गोठवलेला माल आधी, कारण धक्क्यावरचे ऊन त्याची वाट पाहत नाही. आलेल्या मासळीचे तापमान मोजून लिहायचे आणि ते अधिक भरले तर तो पॅलेट परत पाठवायचा. पुरवठादार हुज्जत घालतो, शेफ घड्याळाकडे पाहतो, आणि आपण दोघांच्या मध्ये थर्मामीटर घेऊन उभे. अमेरिकी बंदरात याच धांदलीत आरोग्य तपासनीसही चढू शकतात. तिथल्या सरकारी तपासणीत 100 पैकी 86 गुण मिळाले तर जहाज उत्तीर्ण, 85 मिळाले तर नापास, आणि ही तपासणी पूर्वसूचना देऊन होत नाही. ‘आलेत’ एवढा एकच शब्द खालच्या मोठ्या कॉरिडॉरमधून ज्या वेगाने पसरत असे, त्या वेगाने मी दुसरी कोणतीही बातमी पसरलेली पाहिली नाही.

वाटेतल्या बंदरात परिस्थिती सुसह्य असते, पण तिथेही सगळ्यांना उतरता येत नाही. जहाज धक्क्याला असताना आग लागली, किंवा वारा वाढून जहाज हलवावे लागले, तर प्रशिक्षित माणसे जागेवर हवीत. म्हणून कर्मचाऱ्यांचे गट पाडलेले असतात आणि आळीपाळीने एका गटाला जहाजावर थांबावे लागते. याला क्रूच्या बोलीत ‘आयपीएम’ (इन पोर्ट मॅनिंग) म्हणतात. आपल्याला हवे असलेले बंदर नेमके आयपीएमच्या दिवशी आले की अदलाबदलीची खटपट सुरू होते; मी एकदा दोन दिवसांच्या बदल्यात एक दिवस मिळवला होता. शिवाय प्रवासी जहाजावर आगीची आणि जहाज सोडण्याची कवायत दर आठवड्याला करावी लागते, आणि प्रवाशांना त्रास नको म्हणून ती बहुधा ते उतरल्यावरच उरकतात. प्रवासी बाजारात पोहोचलेले असतात आणि इकडे सात आखूड व एक लांब असा भोंगा वाजून आम्ही लाइफजॅकेट घालून रांगेत उभे असतो.

आता कायद्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण जहाजावर जाऊ पाहणाऱ्या मुलांचे आई-वडील मला सर्वांत जास्त तेच विचारतात. 2006 सालचा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार 20 ऑगस्ट 2013 रोजी अमलात आला आणि भारताने तो 2015 मध्ये स्वीकारला. त्यानुसार कर्मचाऱ्याला 24 तासांत किमान 10 तास आणि सात दिवसांत किमान 77 तास विश्रांती मिळालीच पाहिजे. ही विश्रांती दिवसाला दोनपेक्षा अधिक तुकड्यांत विभागता येत नाही आणि त्यांतला एक तुकडा किमान 6 तासांचा असावा लागतो. ऐकायला हे चांगले वाटते. पण आठवड्याच्या 168 तासांतून 77 वजा केले की 91 उरतात, आणि तेवढे तास काम करून घेणे या तरतुदीत बसते. दुसरी गोष्ट अशी की 6 तास झोपेचे धरले तर 10 तासांपैकी उरतात 4, आणि तेच तुमचे बंदर. किनाऱ्यावर जाण्याची रजा मिळावी असे करार म्हणतो, पण कामाच्या गरजा सांभाळून. आणि ती रजा विश्रांतीतच मोजली जाते. म्हणजे ज्याला गाव पाहायचे, त्याने ते झोपेच्या पैशांनी पाहायचे. हा कायदा वाईट आहे असे मी म्हणत नाही. त्याच्यामुळे निदान तासांची नोंद तरी ठेवावी लागते. पण भरतीच्या जाहिरातीतले ‘फुकटात जगप्रवास’ हे शब्द मात्र या आकडेमोडीत कुठेच बसत नाहीत.

उदाहरण घ्या. सफरीच्या पत्रकावर ‘रोम’ लिहिलेले असते. जहाज लागते ते चिवितावेक्कियाला, आणि तिथून रोम साधारण 70 ते 80 किलोमीटर. कसाऱ्याला उतरवून ‘आले नाशिक’ म्हणावे, तसलाच हा प्रकार. दुपारी बाराला काम संपले, चारला पुन्हा हजर व्हायचे, आणि आगगाडीला जाऊन-येऊन अडीच-तीन तास. त्यात कर्मचाऱ्यांची परतण्याची वेळ बहुधा प्रवाशांच्या आधीची. गाडी चुकली आणि जहाज सुटले तर पुढच्या बंदराला स्वखर्चाने पोहोचायचे, मग खुलासा लिहून द्यायचा, आणि नोकरी टिकेल याचीही खात्री नाही. म्हणून आम्ही बंदराजवळच्या मिकेलांजेलोचे नाव असलेल्या किल्ल्याच्या भिंतीलगत बसत असू. रोम मी चौथ्या कॉन्ट्रॅक्टमध्ये पाहिले, तेही पायाला लागल्यामुळे हलके काम मिळाले होते म्हणून.

मग त्या चार तासांत लोक करतात काय? साबण, शाम्पू, मोज्यांचे जोड घेतात. फिलिपिनी मित्र पैसे पाठवायच्या खिडकीपुढे उभे राहतात. काही जण नुसते जमिनीवर चालतात. आठवडाभर खिडकी नसलेल्या केबिनमध्ये राहिल्यावर झाडाखालची सावलीसुद्धा करमणूक ठरते. अनेक बंदरांत खलाशांसाठी धर्मादाय केंद्रे असतात. ‘मिशन टू सीफेअरर्स’ ही संस्था 1856 पासूनची, ‘स्टेला मारिस’चे काम 1920 साली ग्लासगोत सुरू झाले. तिथे सिमकार्ड मिळते, गावापर्यंत सोडणारी गाडी मिळते, आणि कोणी तुमचा धर्म विचारत नाही. जहाजांवर उपग्रहाचे वेगवान इंटरनेट आल्यापासून या केंद्रांतल्या फोनची गरज कमी झाली. कोणी घरी बोलायला म्हणून उतरत नाही, केबिनमध्ये पडून व्हिडिओ कॉल लावतो. मला ही सुधारणा अर्धीच वाटते, कारण फोनच्या निमित्ताने का होईना, माणूस निदान जहाजाबाहेर तरी पडत होता.

मी फोन लावत असे तो बार्सिलोनाच्या धक्क्यावर, माल आत गेल्यानंतर, दुपारी तीनच्या सुमारास. नाशिकला तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असत, आई देवापुढे दिवा लावून नुकतीच उठलेली असे. ‘आज काय पाहिलंस रे?’ ती विचारी. मी समोर पाहून सांगे : समुद्र आहे, क्रेन आहेत, लांब एक डोंगर आहे आणि त्यावर किल्ल्यासारखे काहीतरी आहे. ती विचारी, ‘वर जाऊन आलास का?’ तेवढ्यात मागच्या दारातून कोणीतरी हाक मारी, दुधाचा एक पॅलेट कमी भरला आहे म्हणून, आणि मी ‘पुढच्या रविवारी’ असे सांगून फोन ठेवत असे.