साउथविकच्या ग्रंथालयातली पहाट

मंडळी, नमस्कार. आज ज्या घराबद्दल बोलायचं आहे ते इंग्लंडच्या दक्षिणेला, पोर्ट्समथ बंदरामागच्या टेकडीपलीकडे आहे. साउथविक हाऊस. पांढरी वास्तू, पुढे उंच खांब, भोवती जुनी झाडं. तिथं जाणारे बहुतेक जण भिंतीवरचा मोठा नकाशा बघायला जातात. नकाशा बघावाच. पण या घरात सगळ्यात मोलाचं जे घडलं ते ग्रंथालयाच्या खोलीत घडलं. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर, मित्रराष्ट्रांनी जून १९४४ मध्ये समुद्रमार्गे केलेला हल्ला, म्हणजेच डी-डे, कोणत्या दिवशी करायचा हे तिथं ठरलं, आणि तिथं बघण्यासारखं फारसं काही नाही. म्हणून तर आज बोलायचं.

घर मूळचं थिसलथ्वेट घराण्याचं. दुसऱ्या महायुद्धात पोर्ट्समथवर बॉम्ब पडायला लागले तेव्हा नौदलाने आपली नौकानयनाची शाळा इथं हलवली, आणि घर घराण्याकडे परत गेलंच नाही. १९४४ च्या वसंतात अ‍ॅडमिरल बर्ट्रम रॅम्से यांनी इथं मुख्यालय थाटलं. रॅम्से म्हणजे १९४० साली डोव्हरच्या किल्ल्याखालच्या भुयारांत बसून फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डंकर्कहून ३,३८,००० सैनिक सोडवून आणणारा माणूस. फ्रान्समधून सैन्य काढून आणणाऱ्याच्याच हाती, चार वर्षांनी, ते परत नेण्याचं काम आलं. जवळपास ७,००० जहाजं आणि नावा, कुठली कुठून निघणार, सुरुंग काढलेल्या कोणत्या वाटेने जाणार, हे सगळं इथं बसून ठरलं. मोहिमेचे सरसेनापती आयसेनहॉवर यांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, रॅम्सेंचं फार कमी जणांना. मला याची खंत वाटते.

आता नकाशा. तो चॅड व्हॅली या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने लाकडी तुकड्यांत तयार केला. कंपनीला मागणी दिली ती नॉर्वेपासून स्पेनपर्यंतच्या सगळ्या किनाऱ्याची, म्हणजे हल्ला नेमका कुठे होणार याचा सुगावा लागू नये. जी दोन माणसं तुकडे बसवायला आली त्यांना फक्त नॉर्मंडीचा भाग भिंतीवर चढवायला सांगितला. त्या क्षणी युरोपातलं सर्वांत मोठं गुपित त्या दोघांना कळलं, आणि हल्ला होईपर्यंत त्यांना घरी जाऊ दिलं नाही. नकाशा आजही त्याच भिंतीवर आहे.

पण हल्ला कुठे, हे तर आधीच ठरलं होतं. ग्रंथालयातला प्रश्न होता, कधी. पॅराशूटने उतरणाऱ्यांना चांदणं हवं होतं. किनाऱ्यावर जर्मन सेनापती रोमेलने रोवलेले अडथळे दिसावेत म्हणून उजाडल्यावर लगेच ओहोटी हवी होती. हे दोन्ही जुळणारे दिवस जूनच्या सुरुवातीला तीनच, ५, ६ आणि ७. ठरला होता ५ जून.

हवामानाची बाजू मांडायला ग्रुप कॅप्टन जेम्स स्टॅग हा स्कॉटिश माणूस होता. त्याच्यामागे अंदाज बांधणाऱ्यांचे तीन गट, अमेरिकन, ब्रिटिश हवामान खात्याचा आणि नौदलाचा. फोनवर त्यांची एकमेकांशी अक्षरशः भांडणं व्हायची. अमेरिकनांचा भर जुन्या वर्षांच्या नोंदींशी ताडून बघण्यावर, त्यांना ५ जून चालणारा वाटत होता. ब्रिटिश खात्यातले लोक, त्यांत नॉर्वेचे पेटर्सन, वरच्या थरांतले वारे बघून धोका आहे म्हणत होते. आणि स्टॅगने सरसेनापतीसमोर जाऊन एकच उत्तर द्यायचं.

इथं एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आयसेनहॉवर यांनी एप्रिलपासूनच स्टॅगकडून सरावाचे अंदाज मागवायला सुरुवात केली होती. अंदाज ऐकायचा, मग प्रत्यक्षात हवा कशी झाली ते ताडून बघायचं. हा माणूस किती भरवशाचा, तो कचरतो कधी, ठाम असतो कधी, हे त्यांना खऱ्या रात्रीआधी ठाऊक झालं होतं. मोठ्या निर्णयांबद्दल बोलताना आपण धाडसाचं कौतुक करतो. मला या तयारीचं कौतुक त्याहून जास्त वाटतं.

४ जूनच्या पहाटे सव्वाचारला बैठक बसली. स्टॅगने सांगितलं, ५ तारखेला वारा आणि ढग, दोन्ही वाईट. जमिनीवरच्या फौजांचे सेनापती माँटगोमेरी तरीही निघायला तयार होते. आयसेनहॉवर यांनी हल्ला एक दिवस पुढे ढकलला. समुद्रात निघालेल्या जहाजांना माघारी बोलावावं लागलं, आणि आत कोंबलेले सैनिक उलट्या करत तसेच थांबले.

(जाता जाता सांगतो. त्याच ४ जूनला दोस्तांच्या फौजा रोममध्ये शिरल्या. इटलीच्या त्या आघाडीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीची आपली माणसं लढत होती. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलैला तिथंच धारातीर्थी पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नॉर्मंडीच्या झगमगाटात इटली विसरली जाते, तशी ती आपण तरी विसरू नये.)

दरम्यान आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, ब्लॅकसॉड इथल्या टपाल कचेरीत मॉरीन फ्लाविन नावाची तरुणी वायुदाबाच्या नोंदी घेत होती. आयर्लंड तटस्थ होता, तरी हवामानाच्या नोंदी ब्रिटनला मिळत होत्या. तिच्या नोंदीत दाब झपाट्याने उतरलेला दिसला, म्हणजे वादळाची चिन्हं. इंग्लंडहून फोन आला, नोंद पुन्हा तपासा. तिने तपासली, बरोबर होती. या नोंदींचं वजन काय, हे तिला त्या वेळी कोणी सांगितलं नाही.

४ तारखेच्या रात्री साडेनऊला पुन्हा बैठक. बाहेर वारा-पावसाने थैमान घातलेलं, आणि स्टॅग सांगतो की वादळाच्या मागून थोडी उघडीप येतेय, ६ तारखेला जेमतेम जमेल. माँटगोमेरी जा म्हणाले. हवाई दलाच्या ली-मॅलरींना ढगांची धास्ती होती. रॅम्सेंना घड्याळाची, कारण जहाजांना हुकूम लगेच सुटायला हवे होते. आयसेनहॉवर यांनी होकार दिला आणि ५ तारखेच्या पहाटे पुन्हा एकदा अंदाज ऐकून तो पक्का केला. त्यांचे नेमके शब्द काय होते याबद्दल तिथं हजर असलेल्यांच्या आठवणी जुळत नाहीत. त्याच दिवशी त्यांनी मोहीम फसली तर द्यायचं निवेदन लिहून ठेवलं, दोष असेल तर तो माझा एकट्याचा. तारीख घालताना मात्र ५ जूनऐवजी ५ जुलै लिहिलं. इतका थकलेला माणूस होता तो.

जर्मनांना अटलांटिकमधल्या नोंदी फारशा मिळत नव्हत्या. अशा हवेत कोणी येत नाही म्हणून रोमेल बायकोच्या वाढदिवसाला घरी गेले होते. आणि मित्रराष्ट्रांनी पुढच्या योग्य भरती-ओहोटीची वाट बघितली असती, तर १९ जून उजाडला असता. त्या दिवशी इंग्लिश खाडीत उठलेल्या वादळाने ओमाहा किनाऱ्यावरचं अमेरिकनांचं कृत्रिम बंदर मोडून टाकलं.

तुमच्यापैकी कोणाची मुलं-नातवंडं इंग्लंडात असतील आणि जाणं होणार असेल, तर एक लक्षात घ्या. हे घर आजही लष्करी आवारात आहे, तिथं लष्करी पोलिसांचं प्रशिक्षण चालतं. आधी परवानगी काढावी लागते, नुसतं जाऊन दारात उभं राहून चालत नाही. परवानगी मिळाली नाही तरी साउथविक गावात फेरी मारता येते, आणि पोर्ट्समथला साउथसीच्या किनाऱ्यावर डी-डेचं संग्रहालय आहे. तिथं एलसीटी ७०७४ ही रणगाडे वाहून नेणारी नौका ठेवलीय. तिच्यावर चढून बघा. सपाट बुडाची ही नाव वाऱ्यात किती हलत असेल याचा अंदाज आला, की ग्रंथालयातले ते लोक हवेबद्दल इतका वाद का घालत होते ते कळतं.